सांता कातेरिना मंडईचा पुनर्विकास: रंगीत छपराआधीचे निर्णय

स्पेनमधील बार्सिलोनाच्या जुन्या गावठाणातील सांता कातेरिना मंडई २००५ मध्ये नव्या रूपात खुली झाली आणि तेव्हापासून वास्तुकलेच्या नियतकालिकांतून तिच्या लाटांसारख्या, रंगीत छपराची छायाचित्रे सतत छापली जात आहेत. छप्पर देखणे आहे यात वाद नाही. परंतु एखाद्या शहराने आपली दीडशे वर्षांची सार्वजनिक मंडई कशी पाडली, कशी राखली आणि पुन्हा कशी उभी केली हे समजून घ्यायचे असेल, तर छपराआधीच्या निर्णयांपासून सुरुवात करावी लागते. मंडई मंडईच राहील, जागेची मालकी महापालिकेकडेच राहील, बांधकाम चालू असताना व्यापार थांबणार नाही आणि मंडईचा विचार भोवतालच्या वस्तीसह होईल, हे ते निर्णय होते. त्यांतले काही चांगले निभावले, काहींची किंमत विक्रेत्यांनी आणि शेजाऱ्यांनी मोजली. या लेखात दोन्हींचा विचार केला आहे.

मंडईची जागा मुळात एका मठाची आहे. डोमिनिकन पंथाच्या साधूंनी तेराव्या शतकात येथे संत कातेरिनाच्या नावाने मठ आणि गॉथिक पद्धतीचे चर्च बांधले, आणि पुढची सहा शतके ते शहराच्या महत्त्वाच्या धार्मिक केंद्रांपैकी एक होते. जुलै १८३५ मध्ये बार्सिलोनात मोठी दंगल उसळली आणि जमावाने अनेक मठांना आगी लावल्या. त्यानंतर सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि दोन वर्षांत सांता कातेरिनाचा मठ पाडला गेला. शहर तेव्हा तटबंदीच्या आत कोंडलेले होते, कारण तट पाडायला १८५४ उजाडले. दाट वस्तीच्या मधोमध एवढी मोठी मोकळी जागा मिळणे ही नगरपालिकेसाठी दुर्मीळ संधी होती. ला रांब्ला या हमरस्त्यावरची प्रसिद्ध बोकेरिया मंडईही अशाच एका मठाच्या जागेवर उभी राहिली आहे. सांता कातेरिनाच्या जागेवर जोसेप मास इ विला यांच्या आराखड्यानुसार १८४८ पर्यंत मंडई बांधून झाली. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट पूर्ण होण्याच्या दोन दशके आधीची ही गोष्ट आहे. इमारत लांबट चौकोनी, दर्शनी भिंतींवर ओळीने कमानी, वर लाकडी कैच्यांवर पेललेले छप्पर, अशी तिची रचना साधी आणि ठाम होती.

या मंडईचे महत्त्व तिच्या वास्तुशैलीपेक्षा तिच्या वापरात जास्त होते. स्पेनमधील यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या वर्षांत बार्सिलोनाबाहेरच्या सांत आद्रिया, सांता कोलोमा, मातारो अशा गावांमधून माणसे अन्नधान्य आणि भाजीपाल्यासाठी येथे येत असत. वस्तीतल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांचा रोजचा बाजार याच कमानींखाली झाला होता. पुनर्विकासाच्या चर्चेत ‘वारसा’ हा शब्द सहसा दगडांना लावला जातो. येथे वारसा म्हणून सांभाळण्यासारखी गोष्ट ही ये-जा होती, असे मला वाटते.

वस्तीची पडझड आणि शेजारचा धडा

विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या गावठाणाला मधोमध चिरत व्हिया लायेताना हा रुंद रस्ता काढला गेला. त्यासाठी शेकडो घरे पाडली गेली आणि सांता कातेरिनाची बाजू कॅथेड्रलकडच्या भागापासून तुटली. पुढे शतकाच्या उत्तरार्धात सधन कुटुंबे बाहेर गेली, घरे जुनी झाली, भाड्याने राहणारे वृद्ध आणि नव्याने आलेले स्थलांतरित मागे राहिले. १९८० च्या दशकात महापालिकेने या भागासाठी अंतर्गत सुधारणेची योजना आखली. हवा आणि उजेड मिळावा म्हणून दाट गल्ल्यांतील इमारतींच्या ओळी पाडून मोकळ्या जागा तयार करणे हा तिचा गाभा होता. मंडईची इमारतही तोवर थकली होती. गिऱ्हाईक घटले होते, छप्पर जीर्ण झाले होते आणि माल उतरवायला अरुंद गल्ल्यांशिवाय जागा नव्हती.

मंडईतून माणूस निघून गेला की काय होते, याचे उदाहरण दहा मिनिटांच्या अंतरावरच होते. १८७६ ची, ओतीव लोखंडाची एल बोर्न मंडई १९७१ मध्ये बंद झाली, कारण घाऊक व्यापार शहराच्या कडेला उभारलेल्या मेर्काबार्ना या नव्या बाजारात हलवला गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ले आल या जुन्या मध्यवर्ती बाजाराचे लोखंडी मंडप पाडायला सुरुवात झाली होती. एल बोर्न रहिवाशांच्या विरोधामुळे वाचली, परंतु वापराविना रिकामी राहिली. तेथे ग्रंथालय करायचे ठरले, तेव्हा खोदकामात शहराला पडलेल्या १७१४ च्या वेढ्यानंतर पाडलेल्या वस्तीचे रस्ते आणि घरांचे पाये सापडले, आणि अखेर २०१३ मध्ये ती सांस्कृतिक केंद्र म्हणून खुली झाली. इमारत उत्तम जपली गेली, पण तिच्याभोवतीचा बाजार कायमचा गेला. सांता कातेरिनाबाबत निर्णय घेणाऱ्यांपुढे ही घटना ताजी होती.

बार्सिलोना महापालिकेने १९९१ मध्ये शहरातील मंडयांच्या कारभारासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. शहरात सुमारे चाळीस मंडया आहेत आणि त्यांची मालकी सार्वजनिक आहे; विक्रेत्यांना गाळे सवलतीच्या कराराने, ठराविक मुदतीसाठी वापरायला मिळतात. एकेक मंडई सुटी न पाहता सगळ्यांचे जाळे म्हणून पाहायचे, मंडईत सुपरमार्केटला मर्यादित जागा द्यायची, तळघरात माल चढवण्या-उतरवण्याची सोय करायची, गाळ्यांची संख्या कमी करून आकार वाढवायचा आणि खर्चाचा वाटा विक्रेत्यांनी व सुपरमार्केटनेही उचलायचा, ही पद्धत या संस्थेने हळूहळू बसवली. सांता कातेरिना हा या पद्धतीचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत अवघड प्रयोग होता.

शेजारी राहणारे वास्तुविशारद

१९९७ मध्ये झालेल्या स्पर्धेतून एन्रिक मिरायेस आणि बेनेदेत्ता ताल्याबुए यांच्या कार्यालयाची निवड झाली. हे दांपत्य मंडईपासून काही मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या घराची डागडुजी करून राहत होते. १९८० च्या दशकातील पाडापाडीच्या योजनेवर त्यांची उघड टीका होती. जुन्या गल्लीला नवा सरळ रस्ता कापून ‘सुधारणे’ त्यांना मान्य नव्हते. जे आहे त्यातच गुंफत जायचे, जुन्या इमारतीचा वापर हाही इमारतीच्या रचनेचाच भाग समजायचा, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे मंडईचा आराखडा हा एका इमारतीचा आराखडा राहिला नाही. मंडईच्या मागच्या पडक्या भागातून वस्तीत शिरण्याच्या वाटा, छोटे चौक आणि घरे हे सगळे त्याच कागदावर आले.

महापालिकेनेही येथे एक गोष्ट केली जी सहसा होत नाही. आपल्याच योजनेवर टीका करणाऱ्या माणसांना तिने काम दिले आणि त्या भागाच्या नियोजनात बदल होऊ दिला. माझ्या मते या प्रकरणातील हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत मोलाचा निर्णय आहे.

मिरायेस यांचे जुलै २००० मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, आजारपणाने निधन झाले. त्यांच्याच कार्यालयाकडे असलेल्या एडिनबर्गच्या स्कॉटिश संसद भवनाचे काम तेव्हा चालू होते, आणि मंडईचेही. दोन्ही कामे ताल्याबुए आणि सहकाऱ्यांनी पुरी केली.

व्यापार हलवणे

पुनर्विकासाच्या काळात विक्रेत्यांचे काय करायचे हा प्रश्न सगळीकडे सारखाच अवघड असतो. मुंबईत संक्रमण शिबिर हा शब्द ऐकला की रहिवाशांच्या पोटात गोळा का येतो, हे वेगळे सांगायला नको. तात्पुरती म्हणून दिलेली जागा दशकानुदशके कायम राहिल्याची उदाहरणे तेथे पुष्कळ आहेत. बार्सिलोनात महापालिकेने विजयकमानीजवळच्या युईस कोंपान्यस या प्रशस्त मार्गावर तात्पुरती मंडई उभारली आणि सांता कातेरिनाचे विक्रेते तेथे हलवले. गिऱ्हाईक तुटू नये, परवाने चालू राहावेत आणि इमारत तयार झाल्यावर परत येण्याचा हक्क शाबूत राहावा, हा त्यामागचा हेतू होता.

हेतू साध्य झाला, पण विनासायास नाही. मासळीचा किंवा सुक्या मेव्याचा गाळा चालतो तो रोजच्या सवयीवर. पिशवी घेऊन खाली उतरणाऱ्या सत्तरीच्या बाईला पायी दहा-बारा मिनिटांचे अंतर म्हणजे वेगळा बाजार शोधण्याचे कारण असते. त्यात काम अपेक्षेपेक्षा बरेच लांबले. तात्पुरती जागा एखाद-दोन वर्षांसाठी सहन करणे आणि अनेक वर्षे तेथेच धंदा करणे यांत मोठा फरक आहे. ज्यांचे वय झाले होते त्यांच्यापैकी काहींनी गाळा सोडला, आणि गाळ्यांची संख्या कमी करण्याच्या धोरणाला त्यामुळे मदतच झाली. ही गोष्ट अधिकृत वर्णनांत ‘आधुनिकीकरण’ म्हणून येते. तिच्यामागे अनेक घरांनी पिढीजात धंदा बंद केल्याची वस्तुस्थिती आहे आणि ती तशीच नोंदवली पाहिजे.

जमिनीखालचे शहर

काम लांबण्याचे मुख्य कारण जमिनीखाली होते. जुन्या मठाचे अवशेष सापडणार याची कल्पना सर्वांना होती; ते किती आणि किती थरांत असतील याचा अंदाज नव्हता. खोदकामात गॉथिक चर्चच्या अर्धवर्तुळाकार गाभाऱ्याचे पाये, मठाच्या इतर भागांचे अवशेष, त्याखाली आरंभीच्या ख्रिस्ती काळातील दफने आणि आणखी खाली कांस्ययुगीन वस्तीच्या खुणा मिळाल्या. भूमिगत वाहनतळ आणि मालवाहतुकीची सोय करायची म्हणून खोल खणणे भाग होते, आणि जेवढे खोल खणावे तेवढे पुरातत्त्वज्ञांचे काम वाढत होते.

आराखडा बदलून गाभाऱ्याचा भाग जागेवरच राखण्यात आला. मंडईच्या मागच्या बाजूला तो आज काचेतून आणि आत जाऊनही पाहता येतो, आणि शहराच्या इतिहास संग्रहालयाकडे त्याची व्यवस्था आहे. भाजी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्याच्या पायाशी तेराव्या शतकातील चर्चची भिंत दिसते. दोन वापरांना एकमेकांची अडचण होत नाही, आणि एल बोर्नसारखा अवशेषांनी मंडईचा घासही घेतलेला नाही. कोणते अवशेष उघडे ठेवायचे, कोणते नोंदवून पुन्हा झाकायचे आणि कोठे बांधकाम पुढे न्यायचे, हा निवाडा दरवेळी नव्याने करावा लागतो. येथे तो मंडईच्या बाजूने झाला आणि तो योग्यच होता, असे मी मानतो.

भिंती, लाकूड आणि तीन लाख षटकोन

जुन्या इमारतीच्या तीन बाजूंच्या दर्शनी भिंती जशाच्या तशा राखल्या. फ्रान्सेस्क कांबो मार्गावरून आजही पांढऱ्या कमानींची तीच एकोणिसाव्या शतकातील ओळ दिसते. चौथी, म्हणजे मागची बाजू मोकळी करून वस्तीकडे उघडली. या तीन भिंतींवर जुन्या छपराची नक्कल बसवण्याचा मार्ग उपलब्ध होता. वास्तुविशारदांनी तो नाकारला आणि भिंतींना न टेकणारे, त्यांच्या बाहेर झुकणारे नवे छप्पर घातले.

या छपराच्या रचनेचे अभियंते होसे मारिया वेलास्को. आतून पाहिले तर लाकडी कमानींच्या लांबट घुमटाळ्या एकमेकींना लागून आहेत, पण एकीची उंची दुसरीसारखी नाही आणि त्या सरळ रेषेतही जात नाहीत. मधल्या भागावरचा भार मोठ्या पोलादी कमानी पेलतात, त्यामुळे खाली खांब फार कमी आहेत. मंडईसाठी याचा थेट उपयोग होतो: गाळ्यांची मांडणी खांबांवर अवलंबून राहत नाही आणि उद्या दोन गाळ्यांचा एक करायचा असेल तर इमारतीला हात लावावा लागत नाही. आत डोक्यावर उबदार रंगाचे लाकूड आणि बाजूंनी शिरणारा उजेड असल्याने मासळीच्या बर्फावर किंवा टोमॅटोच्या राशीवर नळीच्या दिव्यांचा फिकट प्रकाश पडून माल शिळा दिसत नाही.

बाहेरून या लाकडी लाटांवर षटकोनी चिनी मातीच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांची संख्या सुमारे ३,२५,००० आहे आणि रंग ६७ आहेत. बार्सिलोनाजवळच्या ग्रानोयेर्स गावातील तोनी कुमेया यांच्या कार्यशाळेत त्या भाजल्या गेल्या. सुमारे ५,५०० चौरस मीटर क्षेत्रावर हे षटकोन मिळून फळे आणि भाज्यांचे एक प्रचंड मोठे केलेले चित्र तयार होते. जवळून पाहताना हिरवा, केशरी, जांभळा, पिवळा असे सुटे ठिपके दिसतात आणि उंचावरून त्यांचे ढीग होतात. फुटक्या फरशांचे तुकडे वक्र पृष्ठभागावर बसवण्याची कातालुन्यातील, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतातील, जुनी परंपरा, जी वास्तुविशारद गौदीच्या कामामुळे जगाला माहीत झाली, तिच्याशी या छपराचे नाते उघड आहे. फरक असा की येथे प्रत्येक तुकडा मुद्दाम, ठरलेल्या रंगाचा, भट्टीतून काढलेला आहे.

रस्त्यावरून हे छप्पर पुरते दिसत नाही. खालून जाणाऱ्या माणसाला झुकलेली कड आणि थोडे रंग दिसतात. संपूर्ण चित्र दिसते ते भोवतालच्या पाच-सहा मजली जुन्या इमारतींच्या गच्च्यांवरून आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून. दाट वस्तीत मोठ्या इमारतीचे छप्पर हे शेजाऱ्यांचे रोजचे दृश्य असते, आणि सहसा तेथे पाण्याच्या टाक्या, वातानुकूलन यंत्रे आणि काळपट पत्रे असतात. वर्षानुवर्षे पाडापाडी सोसलेल्या रहिवाशांसाठी इतका खर्च आणि कारागिरी केली गेली, ही बाब मला छपराच्या सौंदर्याइतकीच महत्त्वाची वाटते.

मागची बाजू

मंडईच्या मागे दोन इमारतींमध्ये वृद्धांसाठी ५९ घरे बांधली गेली. ती सार्वजनिक, परवडणाऱ्या भाड्याची आहेत. पाडलेल्या इमारतींच्या जागी आलेली ही घरे मंडईच्या आराखड्यातच होती, नंतर जोडलेली नव्हती. तळघरात वाहनतळ, मालाच्या गाड्यांची जागा आणि हवेच्या दाबाने नळांतून कचरा गोळा करणारे केंद्र आहे. शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. पण ज्याने कोणत्याही मंडईच्या मागच्या गल्लीत दुपारी सडक्या पाल्याचा आणि मासळीच्या पाण्याचा वास घेतला आहे, त्याला मंडईशेजारी वृद्धांची घरे बांधणे या एका सोयीशिवाय का शक्य झाले नसते ते लगेच कळेल.

उलट बाजू अशी की गाळ्यांची संख्या पूर्वीपेक्षा बरीच घटली. उरलेले गाळे मोठे, स्वच्छ आणि शीतकपाटांसह सुसज्ज झाले, सुपरमार्केट आले, उपाहारगृह आले. सुपरमार्केटमुळे साबण आणि दुधाच्या पिशवीसाठी गिऱ्हाइकाला दुसरीकडे जावे लागत नाही आणि ते ताज्या मालासाठी मंडईतच थांबते, हा त्यामागचा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरला. तरीही छोट्या भांडवलावर बसणाऱ्या विक्रेत्याला, म्हणजे पालेभाजीच्या चार जुड्या किंवा घरची अंडी घेऊन येणाऱ्याला, अशा मंडईत शिरायला दार उरत नाही. आराखड्यात त्याच्यासाठी चार ओटे राखणे अशक्य नव्हते.

वस्तीच्या बाबतीतही चित्र एकरंगी नाही. मंडईचे काम चालू असतानाच, तेथून काही मिनिटांवर, त्याच सुधारणा योजनेखाली पाडलेल्या इमारतींची जागा ओसाड पडली होती. रहिवासी तिला ‘लाजेचे भगदाड’ म्हणत. तेथे वाहनतळ होऊ नये म्हणून त्यांनी झाडे लावली, स्वतः बाग तयार केली. २००२ मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात महापालिकेने तेथे भिंत घातली आणि लोकांनी ती पाडली. अखेर वाटाघाटींनंतर त्या जागी उद्यान झाले. एकाच महापालिकेने, एकाच काळात, एका जागी शेजाऱ्यांचे ऐकून नामांकित इमारत उभी केली आणि दुसऱ्या जागी त्यांच्याशी झगडा केला. मंडईचा गौरव करताना ही जागा नजरेआड करता येत नाही. पुढे पर्यटन वाढले, घरभाडी वाढली आणि या भागातील जुन्या भाडेकरूंना त्याची झळ बसली. मंडईमुळेच असे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण देखण्या इमारतीने परिसराची ओढ वाढवली हेही खरे आहे. त्यातल्या त्यात सांता कातेरिनाची बोकेरिया झाली नाही. बोकेरियात फळांच्या रसाचे पेले आणि छायाचित्रे काढणारी गर्दी यांत रोजचा ग्राहक हरवत गेला. सांता कातेरिनात आजही कडधान्य, ऑलिव्ह, मासळी आणि मांस घेणारे शेजारी दिसतात, आणि त्यात मागच्या ५९ घरांतील रहिवाशांचाही वाटा असणार.

बार्सिलोनाने ही पद्धत पुढच्या मंडयांमध्ये दुरुस्त करत वापरली. १८८२ ची, क्रूसाच्या आकाराची, लोखंडी सांत आंतोनी मंडई २००९ मध्ये कामासाठी बंद झाली. तेथेही जमिनीखाली जुन्या तटाचा बुरूज आणि रोमन रस्त्याचे अवशेष सापडले, काम तेथेही लांबले आणि मंडई खुली व्हायला मे २०१८ उजाडला. पण या वेळी तात्पुरती मंडई दूरच्या मार्गावर न नेता इमारतीला लागून असलेल्या रस्त्यावरच उभारली गेली, त्यामुळे नऊ वर्षे उलटली तरी गिऱ्हाइकाला फक्त रस्ता ओलांडावा लागत होता. सुपरमार्केट, मालाची चढउतार आणि वाहनतळ तळघरात गेले, बुरुजाच्या पायथ्याशी खालच्या पातळीवर चौक झाला, आणि कित्येक दशके दर रविवारी मंडईभोवती भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजारही काम संपल्यावर आपल्या जागी परतला.